धाकट्या जाऊबाईंचं पित्त

ये गं सूनबाई, अशी जवळ बस. चहाच्या आधी गुपचूप पित्ताची गोळी गिळलीस ना? मी पाहिलं. कोणा डॉक्टरनं दिली म्हणावं, तर तेही नाही, दुकानातून आपली आपणच आणलीस. शिकल्यासवरल्या मुली तुम्ही, आणि असं करता? रागवत नाही, पण तुझ्या काकूसासूबाईंची गोष्ट ऐक. नवी आहेस, तुला ठाऊक नसेल.

देवळाली कॅम्पातल्या माझ्या या धाकट्या जाऊबाईसारखी माणसं पळवणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नाही. भाजीवाली तिला जुडीवर जुडी फुकट देते, मला मात्र कोथिंबिरीची काडी देताना तिचा हात आखडतो. माझी मुलं मी वाढवली, पण ताप चढला की ती कण्हायची 'काकू' म्हणून. मी उशाशी पट्ट्या बदलत बसलेली, आणि ही दारातून नुसती हसत आली की ताप उतरायला लागायचा. आपल्या मांडीवरचं पोर दुसरीकडे झेपावतं तेव्हा काय होतं, ते तुला कळेल पुढे.

तिला वेड मिसळीचं. दर रविवारी ती आणि भावजी स्कूटरवरून मळ्यातल्या मिसळीला जाणार म्हणजे जाणार. निघताना उंबऱ्यात उभं राहून दोघांनी एकेक गोळी घ्यायची, देवळात जाताना कपाळाला कुंकू टेकवावं इतक्या भक्तीनं. पित्ताला आधीच झोपवलं की रस्सा निवांत ओरपता येतो, हे तिचं शास्त्र. पुढे रविवारची गोळी रोजची झाली, आणि साधीच्या जागी उलटीचंही औषध मिसळलेली आली. पाहुण्यांना जेवणानंतर बडीशेपेबरोबर गोळीही मिळायची. मी घरी धने-जिऱ्याचं पाणी गाळून ठेवायचे, ते तुझे सासरे तोंड वाकडं करून प्यायचे. तिच्या हातची गोळी मात्र त्यांना पेढ्यासारखी लागायची.

गेल्या वर्षी ती आली आणि पपईच्या फोडी बाजूला सारल्या. पपई नाकारणारी बाई दिसली की आमच्या पिढीची नजर आधी तिच्या पोटावर जाते. पण हिनं पंचेचाळिशी ओलांडलेली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, "ताई, मला दूध आलंय."

पाळीही चुकली होती म्हणे. माझ्या पोटात आनंदाच्या आधी काय उठलं असेल? हेही हिलाच! माझं नातवंड व्हायच्या आधी हिचं बाळ येणार, आणि सगळं घर देवळालीला धावणार. तपासणी कर म्हटलं तर दृष्ट लागेल म्हणून ऐकेना. मळमळायचं, ते तिला डोहाळे वाटायचे. डोहाळे पुरवायला मिसळ. मिसळीनं आणखी मळमळलं की बाळाला त्रास नको म्हणून आणखी एक गोळी.

इकडे भावजी ऐन एप्रिलात जाकीट घालून हिंडायला लागले. छाती सुजली होती, सदरा घासला तरी कळ यायची. ती कौतुकानं सांगायची की बाप होणाऱ्यालाही डोहाळे लागतात. ते बिचारे हसायचे. पण एकदा एकटेच माझ्याकडे आले. हातातला चहा निवून गेला, तेव्हा कुठे म्हणाले, "वहिनी, वाईट आजार तर नसेल?"

दोघांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, मग कुठल्या गोळ्या घेता म्हणून विचारलं. हिनं पर्समधून पाकीट काढलं आणि तुमचं जेवण झालेलं दिसत नाही, म्हणून त्यांनाच एक देऊ केली. डॉक्टरीणबाईंनी ते पाकीट टेबलावर ठेवून घेतलं. त्या म्हणाल्या की त्यातल्या उलटीच्या औषधानं अंगातलं दुधाचं संप्रेरक वाढतं. बाईची पाळी थांबते, दूध येतं, पुरुषाची छाती सुजते. नुसत्या आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्यांनीही क्वचित पुरुषांना असं होतं. सगळ्यांना होत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण सूज दिसली, गाठ लागली, तर घरी अंदाज बांधत बसू नये. भावजींनी सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला. मग त्यांची नजर तिच्याकडे गेली.

ती म्हणाली, "म्हणजे आत कोणी नाही?"

डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, अगदी हळू.

त्यांनी ती गोळी थांबवली, पित्ताचं वेगळं पाहिलं. पाळी आली, भावजींचं जाकीट उतरलं. आता बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईलाही ती बजावते की विचारल्याशिवाय पित्ताची गोळी घ्यायची नाही. मधला भाग तेवढा वगळते. एकदा बाजारात कांदे निवडता निवडता मला म्हणाली, "ताई, दूध आटलं." आणि लगेच भाव करायला लागली. मला तिच्यावर जळायची आयुष्यभराची सवय गं. त्या दिवशी मात्र माझ्याच हातातली भरलेली पिशवी मला बघवेना.

तर सूनबाई, तुम्हां दोघांची कधी तशी बातमी असेल, तर पुण्याहून निघून थेट देवळालीला उतरा. पहिल्यांदा तिला सांगा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. मला दुसऱ्या दिवशी कळलं तरी चालेल. पण या मात्र लवकर.