नऊ सेकंदांचा हेवा

ती पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आली तेव्हा आईने बांगड्याचा मधला तुकडा तिला वाढला. मधला तुकडा माझा. लहानपणापासून माझा, भावाशी भांडभांडून मिळवलेला. त्या दिवशी माझ्या ताटात शेपटी आली. वर आई तिला म्हणते, ‘‘खा गो बाय, काडी झालंस नुसती.’’ आणि ती, गिरगावातल्या शुद्ध शाकाहारी घरातली मुलगी, एकेक काटा बाजूला काढत अख्खा तुकडा संपवून म्हणाली, ‘‘काकू, इतकं छान मी कधी काही खाल्लंच नव्हतं.’’ आई जी फुलली म्हणून सांगू. मला मात्र ते जेवण गोड लागलं नाही.

उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? मी तिच्यावर जळत होते. चांगली दोन वर्षं जळत होते.

आम्ही दोघी एकाच ऑफिसच्या सायकलिंग टीममध्ये होतो. नोकरी खेळाच्या कोट्यातली. म्हणजे टेबल सहीपुरतं, बाकी दिवस सायकलवर. सहा मुली आणि एक कोच, ज्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणायचो. सरांना नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून ते राहत्या जागेवरून हाका मारायचे. मी लालबाग, ती गिरगाव. पुढे पुढे सगळ्याच तसं म्हणायला लागल्या. ‘‘गिरगाव, किती मऊ चालवतेस गं,’’ असं सर तिला म्हणायचे आणि मला म्हणायचे, ‘‘लालबाग, खांदे सोड. मारामारीला निघालीयेस का?’’

पहाटे पाचला वरळी सी-फेसवर सराव असायचा. आमची खोली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. सायकल गॅलरीत खिळ्याला टांगलेली, आणि शेजारच्या काकू तिच्या हॅन्डलवर बिनदिक्कत टॉवेल वाळत टाकायच्या. मी अंधारात तो टॉवेल काढायचा, सायकल खांद्यावर घ्यायची, तीन जिने उतरायचे, आणि वर कुणाच्या तरी दाराला पेडल लागलं की आतून शिव्या खायच्या. तिच्या घरी सायकलीला स्वतःची खोली होती. तिचे बाबा बँकेतून रिटायर झालेले, ते रोज रात्री चेन पुसून ठेवायचे. माझ्या बाबांनी गिरणी बंद पडल्यापासून एका सोसायटीच्या गेटवर ड्युटी केली. माझी सायकल बघून ते एवढंच विचारायचे, ‘‘ही चोरीक नाय ना जाणार?’’

सी-फेसवर आम्ही बरोबरीच्या होतो. पण मलबार हिलचा चढ आला की ती सीटवरून न उठता, तोंड मिटून, बाजारातून भाजी घेऊन घरी निघाल्यासारखी निघून जायची. मी मागून दात ओठ खात, सायकल डावी-उजवी आपटत जायचे. वर पोचल्यावर ती थांबलेली असायची. पाण्याची बाटली पुढे करायची. ‘‘आज बरं जमलं गं तुला.’’ तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. तिने एकदा तरी टोचून बोलावं, नाक उडवावं, म्हणजे मला मोकळेपणी तिचा राग करता आला असता. पण ती मेली चांगलीच वागायची. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार मेहनतीचं काम आहे.

त्या वर्षीच्या थंडीत चार दिवसांची मोठी शर्यत होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रोज एक टप्पा. रोज जी पहिली येते ती त्या दिवसाची विजेती. पण खरी मजा एकूण वेळेत असते. चारही दिवसांचा वेळ मिळवायचा आणि जिचा सगळ्यात कमी ती शर्यत जिंकली. जी पुढे असेल तिने दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी घालायची. आणि टीमचा नियम असा, की आपली एक मुलगी पिवळ्या जर्सीत आली की बाकीच्या पाचजणींनी तिच्यासाठी राबायचं. तिच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागच्या जीपमधून तिला पाणी आणून द्यायचं, पंक्चर झालं तर आपलं चाक काढून द्यायचं. स्वतःचं नाव विसरायचं.

मी आठ वर्षं विसरलेच होते. आठ वर्षं कुणाच्या ना कुणाच्या बाटल्या वाहिल्या. एकतिसावं लागलं होतं आणि सरांनी आडून सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षी ते नव्या मुली घेणार, मी आता ऑफिसात रीतसर बसायला शिकावं. म्हणजे ही शेवटची. मला ती जर्सी हवी होती. पदक नको, बढती नको, शेवटच्या संध्याकाळी अंगावर ती जर्सी हवी होती.

आणि गंमत म्हणजे ती मला मिळाली. दुसऱ्या दिवशी वाऱ्यात सगळ्या सायकलींची फळी फुटली, मी पुढच्या घोळक्यात राहिले आणि संध्याकाळी पिवळी जर्सी माझ्या अंगावर. घरी फोटो पाठवला. भावाने चाळीच्या ग्रुपवर टाकला. टॉवेलवाल्या काकूंनी हात जोडलेले तीन इमोजी टाकले.

एकच दिवस. तिसऱ्या दिवशी घाट होता. शेवटच्या चार किलोमीटरला तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून ‘जा’ म्हटलं, कारण सरांनी सांगितलं होतं की टप्पा सोडायचा नाही. ती गेली. टप्पा जिंकली आणि वर एकूण वेळेत माझ्या नऊ सेकंद पुढे गेली. नऊ सेकंद. चहात साखर ढवळायला जास्त लागतात.

हॉटेलात आम्ही एकाच खोलीत होतो. तिने जर्सी धुऊन खुर्चीच्या पाठीवर पसरली, नेमकी माझ्या पलंगासमोर. मग म्हणाली, ‘‘राग नाही ना आला तुला?’’

‘‘छे गं, राग कसला,’’ मी म्हटलं. ‘‘जर्सी टीममध्येच राहिली ना.’’

‘‘उद्या जमलं तर मी तुला परत देईन,’’ ती म्हणाली आणि दोन मिनिटांत झोपलीसुद्धा. परत देईन. जणू भाजी उरली होती. मी तिच्या पाठीकडे बघत पडून राहिले. देणारी तू कोण? जे माझंच होतं ते तू मला देणार? एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

चौथा दिवस. सरांनी सकाळी स्पष्ट सांगितलं, ‘‘गिरगावला जपायचं. लालबाग, पाणी तुझ्याकडे.’’ म्हणजे शेवटच्या दिवशीही बाटल्याच. मी बरं म्हटलं.

शेवटचे वीस किलोमीटर राहिले असतील. ऊन चढलेलं, रस्ता सरळ, सगळ्या मुलींचा एकच घोळका. ती डाव्या कडेला माझ्या शेजारी होती. बाटली उलटी करून तिने दाखवली, रिकामी होती. आमच्याकडे कानात वायरलेस वगैरे नसतो. जीप मागे, गाड्यांच्या रांगेत कुठेतरी. माझं काम होतं की वेग कमी करायचा, घोळक्यातून मागे सरकायचं, जीपमधून बाटल्या घ्यायच्या आणि पुन्हा पुढे यायचं.

मी म्हटलं, ‘‘येते गं.’’

ती म्हणाली, ‘‘ये.’’

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. आपल्यात दारातून निघणारं माणूस ‘जाते’ म्हणत नाही. अपशकुन असतो. चार महिन्यांसाठी गावाला निघालेली बाईसुद्धा ‘येते’ म्हणते, कायमची सोडून जाणारीसुद्धा ‘येते’ म्हणते. मी म्हटलं तेव्हा माझ्या मनात पाणीच होतं. शपथेवर सांगते, पाणीच होतं.

मी मागे सरकले. घोळक्याच्या शेपटापर्यंत आले. आणि तेवढ्यात उजव्या बाजूने परक्या टीमची एक धिप्पाड मुलगी मागून जोर काढून, मान खाली घालून पुढे सुसाट निघाली. तिचं मागचं चाक माझ्या समोरून गेलं. जीप अजून शंभर हातांवर होती. मी जीपकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि चाकाला चिकटले.

घोळक्याच्या उजव्या कडेने आम्ही दोघी वाऱ्यासारख्या गेलो. गिरगाव डाव्या कडेला होती, मधे पन्नास सायकली. आमच्या टीमच्या मुलींनी मला पाहिलं, पण पाठलाग कशाला करतील? त्यांना वाटलं सरांचाच काहीतरी डाव असेल. मागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, कुणीतरी ओरडलं. मी वळून पाहिलं नाही. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, की मी येते म्हणाले होते आणि येते म्हणजे निघाले. मी खोटं कुठे बोलले? वकिलासारखी मी वीस किलोमीटर स्वतःशी भांडत पेडल मारत गेले.

मी गिरगावच्या तेवीस सेकंद आधी पोचले. आदल्या दिवशीचे नऊ वजा करून चौदा सेकंदांनी शर्यत जिंकले. जर्सी टीममध्येच राहिली म्हणून सरांनीही पाण्याचं विचारलं नाही.

ती नंतर आली. तोंड पांढरं, ओठ फुटलेले. सर तिच्यावर तुटून पडले, ‘‘पिवळी जर्सी अंगावर आणि तू शेपटाला काय करत होतीस?’’ ती एवढंच म्हणाली, ‘‘चुकलं सर.’’ मग माझ्याकडे आली आणि मला मिठी मारली. मला काही बोलली नाही.  मला वाटलं, हरली म्हणून शब्द सुचत नाहीत. थोडं बरंच वाटलं मला.

घरी चाळीने ढोल आणला. बाबांनी जर्सी खिळ्याला टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. आईला मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. एवढंच सांगितलं नाही की पाण्याला निघाले होते. म्हटलं, मी मागून उडी मारली आणि ती बेसावध राहिली.

आठवड्याने ती आली. पेढे घेऊन, माझ्यासाठी. मी ती जर्सी मुद्दाम अंगात घालून बसले होते. ती येणार हे माहीत होतं म्हणूनच. आईने तिच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, ‘‘काय गो, तुझा काय झाला त्या दिवशी? इतक्या मागे कशी रवलंस?’’

‘‘अहो काकू, मागे पडापडी झाली ना,’’ ती म्हणाली. ‘‘कुणीतरी ओरडलं, निळी पडली म्हणून. आमच्या सगळ्यांचे कपडे निळे. ही पाण्याला गेलेली, येते म्हणाली होती आणि येईना. मला वाटलं हीच पडली. मी थांबून थांबून मागे बघत राहिले, शेवटी पार शेपटापर्यंत मागे गेले. पडलेली दुसरीच निघाली, आणि ते कळेपर्यंत ही कधीच पुढे गेलेली.’’

मी कपाकडे बघत होते. हे तिने सरांना सांगितलं नव्हतं. मला नव्हतं सांगितलं. माझ्या पडण्याच्या काळजीने ती पिवळ्या जर्सीत रस्त्यावर थांबली होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘येतंय म्हणान सांगलंस ना गो तिका? मगे इलंस खंय?’’

 अपशकुन, रीत, जाते आणि येते, वीस किलोमीटर घोटलेला माझा सगळा वकिली मुद्दा तोंडात आला आणि तिथेच राहिला.

‘‘असू दे हो काकू,’’ तीच बोलली. ‘‘तिने दोन्ही अर्थांनी म्हटलं असेल. मी चुकीचा धरला. रेसमध्ये होतं असं.’’

म्हणजे तिला कळलेलं होतं. त्या दिवसापासूनच कळलेलं होतं, आणि तरी ती माझी बाजू घेत होती. माझ्या घरात, माझ्या आईसमोर. आई तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मला या जन्मात मिळणार नव्हती, हे मला कळलं. जर्सी माझ्या अंगावर होती, आणि मी चारही दिवस मिळून जळले नव्हते इतकी त्या एका क्षणी तिच्यावर जळले.