रेघांचं घड्याळ

हाइडरून पापेनडीकला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती वसतिगृहातल्या कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून इंग्रजी बोलत होती. मी म्हटलं, "बाई गं, आत कोण आहे?" तर म्हणे, "कोणी नाही, कोट आहेत. कोटांमुळे आवाज घुमत नाही, आपलं बोलणं आपल्यालाच नीट ऐकू येतं." हसावं की वसतिगृहाच्या बाईंना हाक मारावी, मला कळेना. पुढची तीन वर्षं मी तिच्याच खोलीत काढली.

आम्ही दोघी इंग्रजीच्या शिक्षिका व्हायला आलो होतो. बर्लिनमध्ये भिंत उभी राहून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ज्यांची ही भाषा, त्यांच्यातला एकही माणूस आम्ही उभ्या जन्मात पाहिला नव्हता आणि पुढे पाहू अशी आशाही नव्हती. लोक आमच्याकडे तिरकंच बघायचे. रशियन शिकताय, ठीक आहे. हे खूळ कशाला? की तिकडे जायचं मनात आहे? हा प्रश्न कोणी कितीही हसत विचारला तरी त्याचं उत्तर हसत द्यायचं नसतं, एवढी अक्कल आम्हाला होती.

मी इंग्रजी घेतलं कारण रशियनच्या जागा भरल्या होत्या. उगाच खोटं कशाला बोला! हाइडरूनचं तसं नव्हतं. ती मेक्लेनबुर्गच्या आतल्या भागातली, दलदलीपलीकडच्या खेड्यातली. बाप युद्धावरून परत आला तो जणू वाचा तिकडेच ठेवून. आई त्याच्या भीतीने गप्प, पोरं आईच्या भीतीने गप्प. शाळेत पहिल्यांदा इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचला तेव्हा तिला म्हणे एकदम मोकळं वाटलं. त्या भाषेत तिला अजून कोणी गप्प बस म्हटलं नव्हतं.

"माझ्या वर्गात पोरं बोलतील बघ," ती रात्री दिवा मालवल्यावरही सांगत राहायची. "चुकतील, अडखळतील, पण बोलतील. घरचं, दारचं, मनातलं. व्याकरण काय, मागून येतं."

"झोप आता," मी म्हणायचे. "नाहीतर माझ्या तोंडून जे येईल त्यात व्याकरण नसेल."

शिकवावं कसं हे आम्हाला शिकवायला ब्रून सर होते. सर कधी आवाज चढवत नसत. चष्मा पुसत पुसत, हळू बोलत. त्या हळू बोलण्याचीच आम्हाला धास्ती. ते म्हणायचे, "मुलींनो, शिक्षकाचं निम्मं काम कानांचं असतं." हाइडरूनला हे फार पटायचं. तिला वाटे, सर उच्चारांबद्दल बोलताहेत. मी तिच्याकडे बघायचे आणि गप्प बसायचे, कारण सरांच्या कानांवर पडलेलं पुढे सरकारात कुठे पोचतं हे बाकी सगळ्यांना माहीत होतं आणि ते बोलायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आमच्या परीक्षेचे पाठ लागले. जागा विस्मार. बंदराचं गाव, खाडीजवळची शाळा. तिथे दुपारी आठ-नऊ वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवून बघायचा प्रयोग चालला होता. पाठ घेणारी फळ्यासमोर, आणि मागच्या बाकांवर ब्रून सर, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि आम्ही बाकीच्या मुली. हा पाठ उत्तम झाला तर नोकरी पक्की. फसला तर कुठल्यातरी पाळणाघरात पोरांची नाकं पुसत बसा.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विस्मारपासून पश्चिम जर्मनीची सरहद्द म्हणजे हाकेच्या अंतरावर. गावातल्या बहुतेक घरांत संध्याकाळी पलीकडचा टीव्ही लागायचा. अँटेना छपराखाली, माळ्यावर लपवलेला. कारण छपरावरचे अँटेना सरकारी युवक संघटनेची पोरं येऊन तोडून गेली होती. टीव्ही बघितला म्हणून कोणी लगेच बेड्या घालत नसे. पण ते कळलं की कुठेतरी नोंद व्हायची, आणि मग एक दिवस तुमचं काहीतरी अडायचं. ते कशामुळे अडलं हे तुम्हाला कोणी सांगायचं नाही. म्हणून पोरांना अक्षर ओळखण्याआधी शिकवलेलं असे की घरातलं घरात.

आणि पोरांकडून ते काढून घ्यायची एक जुनी युक्ती होती. संध्याकाळच्या बातम्यांआधी टीव्हीवर घड्याळ यायचं. आमच्या सरकारी घड्याळाला आकड्यांच्या जागी ठिपके, पलीकडच्याला रेघा. बालवाडीतली ताई लाडाने विचारायची, "काय रे सोन्या, तुमच्या घड्याळाला ठिपके की रेघा?" हे इतकं जुनं झालं होतं की आया पोरांना पढवूनच पाठवायच्या: कोणीही विचारलं तरी ठिपके म्हणायचं. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. दलदलीपलीकडच्या हाइडरूनला नव्हतं. तिच्या घरी टीव्हीच नव्हता. तिने टीव्ही पाहिला तो वसतिगृहात, तिथे सरकारी वाहिनीशिवाय काही लागत नसे. सगळ्या जगात बातम्यांआधी एकच घड्याळ येतं असं तिला वाटायचं.

तिचा पाठ होता 'किती वाजले' हा. सुरुवात इतकी झकास केली तिने, की मला अभिमान वाटला. पोरं हात वर करून करून बाकातून निम्मी बाहेर. "टीचर, टीचर!" चुकत होती, हसत होती, एकमेकांना दुरुस्त करत होती. हाइडरूनचे गाल लाल झालेले. तिला जे हवं होतं ते अगदी तिच्यासमोर घडत होतं.

मग ती म्हणाली, "आता डोळे मिटा. संध्याकाळी बातम्यांच्या आधी टीव्हीवर घड्याळ येतं ना? ते आठवा. फळ्यावर कोण काढून दाखवेल?"

मी खोकले. एकदा खोकले, दोनदा खोकले. हाइडरून थांबली आणि काळजीने म्हणाली, "मार्गित, पाणी देऊ का?" कपाळ माझं!

विब्के ल्यूडर्स म्हणून एक वेणीवाली पोर धावतच पुढे गेली. 'ठिपके की रेघा' असं कोणी विचारलं असतं तर तिने झोपेतही बरोबर उत्तर दिलं असतं. पण चित्र काढायला सांगितलं तर काय करायचं, हे तिच्या आईने पढवलं नव्हतं. तिने गोल काढला. जीभ दातांत धरून एकेक रेघ ओढली, वरून सुरू करून, सगळीकडे. काटे काढले. आठ वाजवले.

वर्ग गप्प झाला. त्या एवढ्याएवढ्याशा पोरांना कळलं. वर आलेले हात एकेक करून खाली गेले. विब्के वळली, तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या हातातला खडू पडला.

"वा!" हाइडरून म्हणाली. "किती सुंदर! आता इंग्रजीत सांग बघू, किती वाजले?"

विब्के वाकून पडलेला खडू उचलू लागली.

मागे ब्रून सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

पाठ संपल्यावर त्यांनी व्हरांड्यात तिचा हात हातात घेतला. "अभिनंदन. बाकीचे हे किती ओबडधोबड करतात! तुम्ही पाठातच विणलंत. चित्र काढायला लावायचं, अं? मला नसतं सुचलं." हाइडरून आनंदाने फुलून माझ्याकडे आली. "त्यांना चित्राची कल्पना आवडली गं!"

मी तिला हात धरून मुलींच्या स्वच्छतागृहात नेलं, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाली, "पण मला माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे, तुला माहीत नव्हतं."

"मग मी जाऊन सांगते ना त्यांना! त्या पोरीने चुकून काढलं, मी चुकून विचारलं. पाठ रद्द करा म्हणते."

"नापास होशील, वेडे."

"होऊ दे," ती म्हणाली आणि गेली. तिला मी भित्री समजत आले होते.

परत आली तेव्हा तिने आधी नळ पुन्हा सोडला. मग तिने मला सरांचं उत्तर सांगितलं, त्यांच्याच हळू आवाजात. "माहीत नव्हतं? मग तर फारच छान. पुढच्या वेळी माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी ती ल्यूडर्सांच्या घरी निघाली. एकटीला कशी सोडू, मीही गेले. विब्केच्या आईने दार उघडलं आणि इतक्या अदबीने आत बोलावलं की मला हुडहुडी भरली. माल्टची कॉफी आली, केक आला. हाइडरून म्हणाली, "काकू, काल जे झालं ते..."

"काही झालं नाही, बाई," ती म्हणाली. "पोरीला चित्रं काढायची खोड आहे. मनातलं काहीही काढते. आमच्याकडे टीव्हीच नाही." तिच्यामागच्या कपाटावर धूळ नसलेला एक मोठा चौकोन होता. "अजून केक घ्या ना, बाई."

"मी मुद्दाम नाही केलं हो. शपथ घेते."

"नाही नाही, तुम्ही कशाला मुद्दाम कराल," आई हसत म्हणाली. "विब्के, बाईंना नमस्कार कर." पोर कोपऱ्यात ताठ उभी होती. तिने इंग्रजीत, एकही उच्चार न चुकवता, "गुड आफ्टरनून, टीचर" म्हटलं. बाहेर पडल्यावर हाइडरून जिन्यातच बसली आणि हमसून हमसून रडली.

विब्केचा बाप मालवाहू जहाजावर मेकॅनिक होता. पानगळ सुरू व्हायच्या आत त्याची समुद्रावर जायची परवानगी गेली. कारण कोणी सांगितलं नाही. मग तो धक्क्यावर गोणी वाहू लागला, आणि त्याची बोट त्याच्या समोरून निघायची. हे त्या घड्याळामुळे झालं की आणखी कशामुळे, मी शपथेवर सांगू शकत नाही. गावाने मात्र ठरवून टाकलं होतं.

हाइडरून सर्वोत्तम शेऱ्याने पास झाली, आणि नेमणूक नेमकी त्याच शाळेत आली. हे ब्रून सरांचंच काम. मी म्हटलं, "नकार दे. आजारी पड. लग्न कर कोणाशीतरी, पण तिथे जाऊ नकोस." ती म्हणाली, "पळाले तर ते खरंच होतं असं होईल गं. राहिले, कोणाचंच काही कधी बाहेर सांगितलं नाही, तर एक ना एक दिवस त्यांना कळेल." तिची ती भाबडी खात्री ऐकून मला संताप आला, आणि तिला कवटाळावंसंही वाटलं.

काही वर्षांनी मी तिचा वर्ग पाहायला गेले. मोठी, सातवीतली पोरं होती. बसणं शिस्तीत, उच्चार घासूनपुसून लख्ख. हाइडरूनने इंग्रजीत विचारलं, "रविवारी काय केलंत?" एक पोरगा उठला. आजोबांबरोबर बागेत गेलो, बदकांना पाव घातला, म्हणाला आणि बसला. दुसरी उठली. तीही आजोबांबरोबर बागेत गेली होती, तिनेही बदकांना पाव घातला होता. तिसरा, चौथी, सगळी रांग. पुस्तकातल्या धड्यातली वाक्यं, जशीच्या तशी.

"नाही रे," हाइडरून आमच्या भाषेत म्हणाली. "पुस्तकातलं नको. तुझ्या घरचं सांग. काहीही सांग. चुकीचं सांगितलंस तरी चालेल."

पोराने तिच्याकडे पाहिलं. मग मागे बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "घरी काही होत नाही, बाई," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "बस."

घंटा झाली, पोरं मुकाट्याने रांगेने बाहेर गेली. दार लागलं आणि व्हरांड्यात एकदम कल्लोळ उठला: हाका, शिव्या, हसणं, कोणीतरी कोणाला काल घरी काय झालं ते ओरडून सांगत होतं. मी माझी पिशवी उचलली. "चल, कॉफी घेऊ." हाइडरून दाराशीच उभी होती. हात कडीवर, पण कडी काढत नव्हती.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी बाहेर गेले की गप्प होतात. बोलू दे त्यांना."

आम्ही दोघी आतच उभ्या राहिलो.