जात : भारतीय

त्या वर्षी एका कादंबरीनं माझं डोकं फिरवलं. मूळ अरबी, इंग्रजीत आलेली. लोणावळ्याच्या एका वकिलांकडून मागून आणलेली. तिच्यातली बाई अरबांच्या देशात राहणारी, पण अरब नव्हे. डोंगरातल्या निराळ्या जमातीची. अधिकारी तिला जमात विचारतो. ती ठणकावते, ‘मी या देशाची!’ कादंबरी तिथंच संपते. मी ढसाढसा रडले होते.

पवना नदीच्या वरच्या अंगाला एका वाडीत मी शिक्षिका होते. वय बावीस, शहाणपण नुसतं उतू जात होतं. त्याच आठवड्यात मजुरीला जाणारी एक आई लेकीला पहिलीत घालायला आली.

“जात?”

“आमी महादेव कोळी, बाई.”

मी रजिस्टरात झोकात लिहिलं, ‘भारतीय’. आईला वाचता येत नव्हतं आणि मी तिला विचारलंही नाही.

ती मुलगी सातवीत पहिली आली. वाडीत पुढं शाळा नव्हती. वडगावच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच ती शिकणार होती. शाळेच्या दाखल्यावर रजिस्टरातलंच उतरतं. कचेरीतला कारकून दाखला बघून हसला. “बाई, भारतीय तर मीही आहे. जात सांगा.”

करायला गेले गणपती, झाला मारुती! दुरुस्तीला वरचा हुकूम लागतो. मी चपला झिजवल्या, पण हुकमाची वाट बघता बघता जागा भरली.

“पुढच्या वर्षी नक्की,” मी तिच्या बापापुढं हात जोडले.

“पोरगा असता तर थांबलो असतो,” तो म्हणाला. “पोरीचं वय थांबतंय व्हय, बाई?”

तिचं लग्न पलीकडच्या वाडीत लावलं. हुकूम आला तो वर्षभरानं. दुरुस्त दाखला घेऊन मी चढण चढून गेले. ती शेण्या थापत होती, दिवस भरत आलेले. हात लुगड्याला पुसून तिनं कागद घेतला आणि सगळा मोठ्यानं वाचला, कुठंही न अडखळता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

“बाई, ह्यो कागद माज्या लेकराला तरी चालंल न्हवं?”

“चालेल,” मी म्हणाले. मुलाची जात बापाच्या कागदावरून लावतात, आईचा कागद कुणी मागत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.