तारप्याला पाठ

संमेलनाचा नाच बसवायचा म्हणून मी शाळेच्या पटांगणात फक्कीची सरळ रेघ मारून ठेवली होती. मुलांनी त्या रेघेवर, पाहुण्यांकडे तोंड करून नाचायचं. पाड्यावरचे धाकलबाबा मधोमध उभे राहिले, त्यांचे गाल फुगले आणि भोपळ्याच्या त्या लांबलचक तारप्यातून पोळ्यातल्या मधमाश्यांसारखा सूर घुमू लागला. मुलांनी एकमेकांच्या कमरेत हात घातले. दोन पावलांत रेघ सुटली आणि बाबांभोवती कडं झालं.

"रेघेवर या," मी म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा बाबांनी तारपा तोंडातून काढला.

"बाई, तारप्याला पाठ नाय दावायची."

"मग पाहुण्यांना काय दिसणार?"

"पाठ," ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा वाजवू लागले.

मी पायरीवर बसून राहिले. मुलांची साखळी गोगलगायीच्या शंखासारखी आत वळत होती, पुन्हा उलगडत होती. मी आजवर बघणाऱ्यांकडेच तोंड करत आले. वर्गात, फोटोत, अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा. ज्याच्या सुरावर पाय हलतात त्याच्याकडे बघत राहावं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी ते कुणाला शिकवलं नव्हतं.

साखळीच्या टोकाला दुसरीतली मंगी होती. वळता वळता तिने मोकळा हात माझ्यापुढे धरला. मी उठले. फक्की केव्हाच पायांखाली पुसली गेली होती.

मुख्याध्यापक येऊन बराच वेळ बघत उभे होते म्हणे. मला ते नंतर कळलं. माझी त्यांच्याकडे पाठ होती.