तीन पावलं मागे उभा राहणारा लांबू

लांबू आमच्या दाराची बेल वाजवायचा आणि लगेच तीन पावलं मागे सरकून, हुडीची टोपी डोक्यावरून मागे सारून, दोन्ही हात दिसतील असा उभा राहायचा. लांबू हे आम्ही पाडलेलं नाव. लंडनमध्ये, स्टॅनमोरला आमच्या मागच्या गल्लीत राहणारा, माझ्या सईच्या वर्गातला हा सहा फुटी काळा मुलगा. असं का उभा राहतोस, म्हणून एकदा विचारलंच. म्हणाला, "आन्टी, दार उघडल्यावर लोक दचकतात. मला ते बघवत नाही." सतरा वर्षांचा होता.

दुकानात तो खिशात हात घालत नसे. बसस्टॉपवर एकटी म्हातारी दिसली की हा लांब जाऊन उभा. "मी काही करणार नाहीये, हे दिवसभर सगळ्यांना दाखवत राहायचं. दमायला होतं," म्हणायचा. त्याची झोप उडाली होती. गणितात पहिला येणारा मुलगा पेपर अर्धा टाकून आला, आणि मी आपली परीक्षेचं टेन्शन असेल म्हणून त्याला पोहे वाढत होते.

त्याची आई नर्स, सतत ड्यूटीवर, म्हणून मी अधूनमधून डबा पाठवायचे. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, असं सईनं त्याला सांगितलं होतं. त्यानं ते फारच मनावर घेतलं. दर वेळी आईनं तळलेली केळी भरून आणायचा.

एका शनिवारी दुपारी तो असाच डबा घेऊन आला. आम्ही घरी नव्हतो. डबा दारात ठेवला तर इथे गल्लीबोळांतून फिरणारे कोल्हे उघडतील, म्हणून बिचारा थांबून राहिला. समोरच्या नव्या बिऱ्हाडानं गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठमोरा फोटो टाकला आणि मला वेगळा मेसेज करून विचारलं, 'तुमच्या दारात सस्पिशिअस माणूस आहे. पोलिसांना कळवू का?' मी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. काळी हुडी दिसली, तेवढं मला पुरलं. फोटो मोठा करूनही न पाहता मी 'हो' म्हणून अंगठा टाकला.

पोलिसांनी त्याला आमच्याच भिंतीला लावून झडती घेतली, डबा उघडायला लावला, आणि सोडून दिलं. त्यानंतर तो घराबाहेर पडेना. "आई, सायरन ऐकला की त्याला पॅनिक अटॅक येतो. श्वासच येत नाही त्याला," सई सांगायची. समुपदेशनाची वेटिंग लिस्ट काही महिन्यांची होती. तो जिवाचं काही बरंवाईट करून घेईल ही एक भीती, आणि त्याला माझं कळेल ही दुसरी. खरं सांगते, कधी कधी दुसरीच मोठी असायची.

शेवटी त्याच्या आईनं त्याला ग्लासगोला मावशीकडे पाठवायचं ठरवलं. आदल्या दिवशी मी भेटायला गेले. भर दुपारी पडदे ओढलेले. पोरगा निम्मा झाला होता.

"आन्टी, तुम्ही सगळ्यांना ओळखता. पोलिसांना बोलवा असं कोणी सांगितलं?"

"कळलं तर काय करशील?"

"काही नाही. एक घर कळलं, तर बाकीच्यांना घाबरणं सोडता येईल."

"मला नाही रे माहीत," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. ग्लासगोतही तो अजून सगळ्याच घरांना घाबरतो, असं सई सांगते.