शिक्का नसलेल्या बॅटी

माझ्या लिहिण्यात चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि हाताला पेनाची सवय राहिली नाही. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितल्याशिवाय लिहायला धीर होईना.

हे गेले त्याला सव्वा महिना झाला. इथेच, जर्मनीत ड्रेस्डेनला, आमच्या निलेशकडे. सकाळी "फेलिक्सकडे जाऊन येतो" म्हणून निघाले आणि दुपारी निलेशचा फोन आला. "आई, बाबा ट्रामच्या स्टॉपवर पडले…" मी शेगडी बंद केली आणि भाजी शिजली की नाही ते चमच्याने दाबून पाहिलं. असं का केलं, अजून कळत नाही.

ह्यांचा धंदा क्रिकेटच्या बॅटी करण्याचा, वडिलांपासून चालत आलेला. लाकडाचा तुकडा कानाशी धरून टिचकी मारायचे आणि सांगायचे, हा चालेल, हा सरपणाला. निलेश इथे पीएचडीला आला आणि युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल टीममध्ये खेळायला लागला. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तीन महिने राहायला आलो, तेव्हा हे रोज मैदानावर जाऊन बसायचे आणि मी डबा घेऊन मागून जायची. पोरांच्या बॅटी ॲल्युमिनियमच्या, चेंडू लागला की टण्ण आवाज यायचा. "बॅट आहे की देवळातली घंटा?" हे म्हणाले. निलेश हसला. "बाबा, ही तुटत नाही. लाकडी बॅटी सारख्या मोडतात, विद्यार्थ्यांना कुठून परवडणार?" "सगळं न मोडणारं केलं तर सुताराने खायचं काय रे?" चेंडू टाकणारा फेलिक्स नावाचा मुलगा होता, टीमचे पैसेही तोच सांभाळायचा. निलेशने त्याला ते जर्मनमध्ये सांगितलं तर तो पोट धरून हसला. तेव्हापासून तो ह्यांना 'माइस्टर' म्हणायचा, म्हणजे उस्ताद कारागीर. ह्यांना तो शब्द फार आवडला होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही परत आलो तोवर टीम वरच्या गटात गेली होती. तिथे लाकडी बॅटच लागते. फेलिक्सने ह्यांना विचारलं आणि लाकूड, मजुरी धरून सहाशे युरो हातात ठेवले. युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये ह्यांनी दहा बॅटी केल्या, मी भुसा झाडायला जायची. नमुन्याला एक विकतची बॅट होती, तिच्यावर कंपनीचा शिक्का होता. मी विचारलं, "असं काही नको का उठवायला?" हे म्हणाले, "ती जाहिरात आहे. माझ्या वस्तूला जाहिरात लागत नाही." मला ते पटलं. अभिमानही वाटला…

शिक्का जाहिरातीचा नव्हता, ते नंतर कळलं. गोल बॅटीलाही बाजू असते. एका बाजूने लाकूड मार सोसतं, दुसऱ्या बाजूने फाटतं, आणि बॅट कशी धरायची ते शिक्क्यावरून कळतं. क्रिकेटच्या बॅटीला एकच सपाट तोंड, ती उलटी कोण धरेल? म्हणून चाळीस वर्षांत ह्यांना खूण करायची गरजच पडली नव्हती. आणि ही पोरं ॲल्युमिनियमवर शिकलेली. ती बॅट कशीही धरली तरी चालते. आठव्या दिवशी सरावात एका पोराने उलटी धरलेली बॅट मुठीपाशी मोडली आणि पुढचा जाड तुकडा गरगरत जाऊन फेलिक्सच्या तोंडावर बसला. मी तिथेच डबा उघडत होते. त्याचा डावा डोळा गेला.

तो कधी रागावला नाही. पैसे परत द्यायला हे गेले तर म्हणाला, "नाही माइस्टर, खेळात लागतंच." घरी येऊन हे म्हणाले, "पोरगा चांगला आहे, म्हणून घेत नाही. पण खराब माल दिला तर पैसे परत करायचे असतात. त्याने घेतलेच नाहीत, तर चूक माझ्याकडेच राहिली ना…" गावी जाऊन ह्यांनी बॅटी करणं सोडलं. पोळपाट आणि चौरंग करायचे. पोळपाटाच्याही खालच्या अंगाला पेन्सिलीने खूण करून ठेवायचे. कशाला, असं मी विचारलं नाही.

यंदा आल्या आल्या हे परत त्याच्याकडे गेले, आणि स्टॉपवर पडले त्या सकाळी पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही त्याने नाहीच म्हटलं. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत चष्मा होता, ट्रामचं तिकीट होतं आणि फेलिक्सला द्यायच्या पैशांचं पाकीट होतं, बंदच.

गेल्या रविवारी मी निलेशला म्हणाले, मला फेलिक्सकडे ने. "आई, त्याच्यासाठी तो विषय संपलाय." "ह्यांच्यासाठी नव्हता," मी म्हणाले. मी असं बोलत नाही, म्हणून त्याने नेलं. फेलिक्सने कॉफी केली. मी पाकीट टेबलावर ठेवलं, तशी त्याने मान हलवली. "निलेश, त्याला सांग, डोळ्याची भरपाई आम्हाला जमणार नाही, ते कळतं मला. हे बॅटींचे आहेत. बॅटी खराब होत्या, एवढं एकदा म्हण बाबा." निलेशने ते सांगायला फार वेळ लावला. फेलिक्सने कप बाजूला सारला. मग बोलला, आणि निलेशने मला हळूच सांगितलं. "तो म्हणतोय, बॅटी खराब होत्या. आणि म्हणतोय, डोळा रोज दुखतो."

ते त्याने पहिल्यांदाच सांगितलं होतं. मग फेलिक्सने नोटा मोजल्या, टीमचं पावतीपुस्तक काढलं आणि पैसे कुणाकडून आले ते विचारलं. निलेश सांगणार होता, मी त्याला थांबवलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ह्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. "दत्तात्रय," मी म्हणाले. त्याला लिहिता येईना, म्हणून परत सावकाश म्हटलं. त्याने लिहिलं आणि खाली सही केली. सहाशे युरो, पूर्ण मिळाले.