वॉर्डातला भोंगा

नर्सिंग शिकणारी यशोदा नियमाची पक्की. वर्ध्याच्या दवाखान्यात पुलगावचा चार वर्षांचा श्रावण दाखल झाला, तशी तिने त्याच्या आईला, जिजाबाईला, वॉर्डाबाहेर काढलं. पोरानं औषधापुढे तोंडच मिटून घेतलं. तीनदा चमचा सांडल्यावर यशोदाने नाक मुठीत धरून आईला आत बोलावलं.

"भोंगा वाजल्याबिगर तो तोंड नाई उघडत, बाई. त्याचा बाप गिरणीत हाय, घरचं जेवण भोंग्यावरच."

यशोदाने इकडेतिकडे पाहिलं, गाल फुगवले आणि तोंडानेच भोंगा वाजवला. औषध गटकन पोटात गेलं. जिजाबाईला खाटेजवळ स्टूल मिळालं.

तिसऱ्या दिवशी यशोदाला औषधाला उशीर झाला, तर वॉर्डातून भोंगा ऐकू आला. धावत येऊन बघते तो जिजाबाई गाल फुगवून बसलेली आणि सहाही खाटांवरची पोरं आ वासून तयार.